बाई बाईकडे कशी बघते

मस्कतमध्ये जून लागला की घरोघरी गीझर बंद करतात आणि गार पाण्यासाठी गीझरचाच नळ सोडतात. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दिवसभर तापतं, त्यामुळे थंड नळाखाली हात धरला की पोळतो. गीझरमधलं पाणी घरात सावलीला पडून असतं, ते त्यातल्या त्यात बरं. नऊ वर्षं झाली मला इथे येऊन, तरी दर जूनला एकदा मी चुकीच्या नळाखाली हात धरतेच. परवा धरला. एक शिवी घातली आणि आठवलं, दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत आमच्या घरात शंभर वर्षांपूर्वीचे अमेरिकन सिनेमे चालू होते.

हा ऋतू मला आवडत नाही. आवडण्यासारखं त्यात काही नाही. अल् घुब्रातल्या आमच्या बिल्डिंगमधली अर्धी दारं बंद होतात, माणसं सुट्टीला इंडियात जातात, दाराबाहेर त्यांचे चपलांचे रॅक तेवढे राहतात. रस्त्याकडेच्या खजुरांना पिवळे घोस लटकतात आणि त्यांना जाळीच्या पिशव्या बांधतात, दुखऱ्या पायाला फडकं बांधावं तशा. दुपारी रस्त्यावर मांजरसुद्धा नसतं. वारा आला तर ओला टॉवेल तोंडावर दाबल्यासारखा येतो. फोनवर गावची माणसं म्हणतात, राजापूरकडच्या बाईला तिथेही समुद्र मिळाला, बरं वाटत असेल. समुद्र काय माझा भाऊ लागतो?

त्या वर्षी आम्ही गावी गेलो नाही, कारण माझ्या नातीची, जुईची, बारावी झाली होती आणि पुढे काय यावरून घरात धुसफूस होती. माझा मुलगा विलास रुसैलच्या एका कारखान्यात मशीनं सांभाळतो. त्याला मुलगी इंजिनिअर हवी होती. जुईला सिनेमा शिकायचा होता.

"सिनेमा बघतात," विलास म्हणाला. "शिकतात कसला?"

पण माझा मुलगा तोंडावर नाही म्हणणाऱ्यातला नाही. नाही म्हणायला तो दुसरा माणूस शोधतो. इंडियातल्या एका कॉलेजात अर्ज करायचा होता. त्याबरोबर स्वतः काढलेला पाच मिनिटांचा सिनेमा आणि एक निबंध पाठवायचा होता. जुईचं ठरलं होतं, सिनेमा आपल्याच घरातला काढणार. विलास म्हणाला, "घरातलं काही बाहेर जाणार असेल तर आजीला विचार. आजी हो म्हणाली तर पाठव. नाही म्हणाली तर खलास, इंजिनिअरिंग."

त्याचा हिशेब मला लगेच कळला. माझ्या तोंडून नाही फार लवकर येतं, हे त्याला जन्मापासून माहीत आहे.

निबंधाचा विषय होता अमेरिकेतल्या सिनेमा काढणाऱ्या पहिल्या पहिल्या बायका. जुई दुपारी पडदे ओढून जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप लावायची आणि मला बोलावून शेजारी बसवायची, कारण घरात दुसरं कुणी नसायचं. विलास कामावर आणि माझी सून वर्षा एका दवाखान्यात रिसेप्शनवर. जुईचं मराठी म्हणजे खडीच्या रस्त्यावरून अनवाणी चालल्यासारखं.

"आजी, हे ना, मोठ्या कंपनीचे मूव्ही नाहीयेत. ह्या लेडीजनी स्वतःचे स्वतः केले. आपल्या घरात शूट केलं, शेजारच्यांना ॲक्टिंगला घेतलं."

"मग पुढे काय झालं त्यांचं?"

"मग मोठ्या कंपन्या आल्या. आणि लेडीजना बाहेर काढलं."

नवल काय त्यात? आमच्याकडे पापड बायका लाटतात. त्याचा कारखाना निघाला की खुर्चीवर बाप्या बसतो.

सिनेमे मुके होते. मध्येच पडद्यावर इंग्रजी पाटी यायची आणि जुई ती मला सांगायला लागायची, "ती बोलते की तिचा हजबंड मेला आणि आता घर, म्हणजे, सोडावं लागणार." मी म्हटलं, तू गप्प बस, मला दिसतंय. मी चौथी पास. बोलक्या इंग्रजी सिनेमात मी दाराबाहेरची. मुक्या सिनेमात मी आणि शिकलेला माणूस एकाच पाटावर. उलट मी थोडी पुढेच, कारण तो पाट्या वाचत बसतो आणि मी हात बघते.

पहिले दोन सिनेमे तिने मुद्दाम पुरुषांनी काढलेले दाखवले, फरक कळावा म्हणून. एकात नटी घाटावर कपडे धूत होती. जन्मात कपडा धुतला नव्हता तिने. पिळताना मनगट वळत नव्हतं. रडायची तेव्हा उजेड केसांतून यायचा आणि नाक पांढरं ते पांढरंच. एवढं रडून नाक न सुजणारी बाई मी पाहिली नाही, मयतावर भाड्याने रडणारीचंही सुजतं. तिसऱ्या सिनेमातल्या बाईने चादर पिळली, झटकली, आणि सरळ उभं राहण्याआधी कंबरेवर मूठ दाबून क्षणभर तशीच वाकून राहिली.

"हा बाईने काढलाय," मी म्हटलं.

"हो! आजी, कसं कळलं?"

"कंबरेवरून."

त्या दिवशी जुई मला घट्ट बिलगली. मला मिठ्या आवडत नाहीत, त्यात उकडत होतं.

आणखी एक होता. त्यात चाळीसारख्या घरात एक विधवा मुलाला घेऊन राहते आणि तिला भेटायला एक मोठ्या घरची बाई येते. टोपी, हातमोजे, सगळं. तोंडावर दया. पण दाखवलं होतं ते तिच्या डोळ्यांमागून. डोळे कुठे कुठे जातात तेवढंच. टेबलावरच्या बशीला टवका गेलाय, तिथे. पडदा दोन वेगळ्या कापडांचा आहे, तिथे. मुलाच्या पायांच्या टाचांवर. आणि विधवा काय करते, बोलता बोलता सरकत सरकत फाटक्या बैठकीच्या खुर्चीपुढे येऊन उभी राहते, म्हणजे ती झाकली जावी. बोलणं चालू, हसणं चालू. दोघींना सगळं कळलेलं, दोघी न कळल्यासारख्या.

मी मोठ्याने हसले. जुई घाबरली. तिला वाटलं होतं मी रडेन.

"हे फीमेल गेझ आहे, आजी. गेझ म्हणजे बघणं. बाईचं बघणं. पुरुष बाईला वस्तूसारखं बघतात, आणि बाई बाईला ना, प्रेमाने बघते. समजून."

"कुणी सांगितलं?"

"सगळे लिहितात."

"त्यांना सासू नसेल."

ती रागावली. पण मी काय खोटं सांगू? पुरुषाचं बघणं मला माहीत आहे. माझा नवरा तीस वर्षं इथेच मस्कतला वेल्डर होता. दोन वर्षांतून एकदा महिनाभर यायचा. मधल्या काळात त्याला माझा फोटो लागायचा, म्हणून दर वर्षी राजापूरला स्टुडिओत जायचं. फोटोवाला दोन बोटांनी माझी हनुवटी वळवायचा. पाय दिसू द्यायचा नाही, टाचांना भेगा होत्या. हातात कागदी फुलांची परडी द्यायचा, कारण हात खरबरीत. पाय गेले, हात गेले, उरलं काय ते नवऱ्याला पोस्टाने. पत्रात लिहून यायचं, फोटो छान आला. तीस वर्षांत त्या माणसाने माझी टाच कधी पाहिली असेल असं वाटत नाही. महिनाभर यायचा तेव्हाही त्या फोटोतल्या बाईलाच भेटून जायचा.

तर पुरुषाचं बघणं हे असं, अर्धं बघायचं आणि खूश व्हायचं. पण म्हणून बाईचं बघणं प्रेमाचं? माझी सासू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसायची. खवलेल्या नारळाच्या करवंटीत बोट फिरवून बघायची, खोबरं किती राहिलं. भात वाढताना माझ्या पातेल्यातल्या हाताकडे बघायची, तोंडाकडे नाही. मी बाळंतीण होते तेव्हा शेजारणी बघायला आल्या. मुलाकडे एकदा बघितलं आणि माझ्याकडे दहादा. कानांत कुड्या आहेत का, माहेरून काय आलं, अंगावरचं लुगडं कुणाचं. मस्कतच्या विमानतळावर मी आले तेव्हा माझी बॅग मशीनमधून गेली. मला काही वाटलं नाही. लग्न झाल्यापासून मी त्या मशीनमधून जात होते.

म्हणून तो सिनेमा मला आवडला. त्या अमेरिकन बाईने प्रेमाने काढला नव्हता. कुणीतरी कधीतरी तिच्या बशीच्या टवक्याकडे बघितलं होतं आणि ते तिच्या लक्षात राहिलं होतं. माफ केलं असतं तर इतकं बारीक आठवलं नसतं.

हे मी जुईला सांगितलं. तिने लिहून घेतलं नाही. ती तेव्हा स्वतःच्या सिनेमात होती.

तो सिनेमा तिने एका शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, मला दाखवला. तो माझ्यावर होता. मी कनाद कापतेय, म्हणजे आपली सुरमई, पाठमोरी. खिडकीतून उजेड. माझे हात, जवळून. पाणी पडतंय. मागे बासरी. मग मी बाल्कनीत उभी, लांब कुठेतरी बघतेय, जणू गाव आठवतंय. खरं तर मी समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवर वाळत घातलेल्या गोधडीकडे बघत होते, आठ दिवस कुणी काढली नव्हती. शेवटी इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं आलं.

"काय लिहिलंय?"

"की, शी गेव्ह एव्हरीथिंग. म्हणजे, तिने सगळं दिलं."

"कुणी?"

"तू, आजी."

मी म्हटलं, हे पाठवायचं नाही.

तिला आधी मस्करी वाटली. मग तिचा चेहरा उतरला. "आजी, पंधरा दिवस राहिलेत. तू नो बोललीस तर पप्पा मला सरळ इंजिनिअरिंगला टाकणार. तुला माहितीय!"

"माहीत आहे."

"मग काय प्रॉब्लेम आहे? इतकं छान दाखवलंय तुला!"

"ही बाई कोण आहे? गरीब बिचारी, मासे कापणारी? तुझ्या आईला लग्नानंतर पहिल्या गणपतीला मी माहेरी जाऊ दिलं नाही. तिची आई आजारी होती तरी. ते आहे का यात? ती घरात येऊन तीन महिने झाले नाहीत आणि मी तिच्या पोळ्या मोजल्यात. ते आहे? फोटोवाल्याने माझे पाय काढून टाकले. तू बाकीची सगळी मीच काढून टाकलीस आणि बासरी लावलीस."

"यू आर हॉरिबल," जुई म्हणाली. मग मराठीत म्हणाली, म्हणजे मला नीट कळावं, "तू वाईट आहेस, आजी."

"ते दाखव की मग."

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मीही बोलले नाही. मला घाई नव्हती, तिला होती. तिसऱ्या दिवशी सकाळी मीच म्हटलं, "माझ्याकडे बघू नकोस. माझ्या तोंडावर बघण्यासारखं काही नाही. मी जिथून बघते तिथून बघ."

स्वयंपाकघराच्या दाराशी, फ्रिजला लागून, माझं प्लॅस्टिकचं स्टूल असतं. गुडघे गेल्यापासून मी दिवसातले सहा तास तिथे बसते. तिथून ओटा दिसतो, सिंक दिसतं, जेवणाच्या टेबलाची एक कड दिसते. जुईला फोन माझ्या डोळ्यांच्या उंचीवर हवा होता. तिने स्टुलावर डबे रचले, ते दोनदा कोसळले, साबुदाणा सगळीकडे. शेवटी फोन नुसताच स्टुलावर टेकवून ठेवला, खाली, माझ्या मांडीच्या उंचीला. मी आतल्या खोलीत जाऊन पडले. वर्षाला सांगितलं होतं, फोन चालू आहे म्हणून. पहिल्या दिवशी तिने केस नीट केले, ओढणी सारखी केली आणि ओटा नको इतका पुसला. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून दमून आली आणि विसरली.

जुईने तीन दिवसांचं कापून पाच मिनिटांचं केलं आणि मला बोलावलं. वर्षा उभी राहून जेवते. ओट्याशी, ताट हातात, चार घासांत. ते मला नवीन नव्हतं. मी रोज बघत होते आणि मनात म्हणत होते, हिला बसून जेवायलाही जमत नाही, कसली ही घाई. विलास येतो, टेबलाच्या कडेला त्याचा एक कोपर दिसतो, कोपराला पाणी मिळतं, पोळी मिळते, कोपर उठून जातो. हे बरं होतं. बासरी नव्हती.

"चांगलं आहे," मी म्हटलं. "पण मध्ये मध्ये तुटतंय."

"अगं, आई सारखी कॅमेऱ्यात बघते. ती मिस्टेक आहे. मी ते सगळं कट केलं."

"कापलेलं दाखव."

तिने दाखवलं. वर्षा तळलेल्या माशाचा दुसरा तुकडा घेते, त्याआधी मान वळवून बघते. गॅस मोठा करते, बघते. पाच मिनिटं खुर्ची ओढून बसावं म्हणून खुर्चीला हात लावते, बघते, आणि हात काढून घेते. जुई म्हणत होती, बघ ना, सगळं वाया. मी तिला परत लावायला सांगितलं. मग आणखी एकदा.

ती फोनकडे बघत नव्हती. फोन खाली होता, स्टुलावर. ती त्याच्या हातभर वर बघत होती. जिथे माझं तोंड असतं तिथे. मी तिथे नव्हतेच. स्टुलावर नुसता फोन होता. मी आत पलंगावर घोरत होते, आणि ती चोवीस वर्षं लग्न झालेली बाई, दवाखान्यात दिवसभर शंभर माणसांशी बोलणारी, रिकाम्या जागेला विचारत होती की दुसरा तुकडा घेऊ का.

मला वाटायचं मी सासूसारखी नाही. मी करवंटीत बोट घालत नाही. मी नुसती बघते.

"ते परत लाव," मी जुईला म्हटलं. "सगळं. कापायचं नाही."

"पण आजी, ती कॅमेऱ्यात..."

"नीट बघ कुठे बघते ती."

जुईने बघितलं. हुशार आहे, तिला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. तिने कापलेलं परत जोडायला घेतलं. मग म्हणाली, "आजी, हे कॉलेजवाले बघणार. माझे फ्रेंड्स पण बघतील. तू... तुला बॅड समजतील."

"बरोबर समजतील. आधी तुझ्या आईला दाखव. तिने हो म्हटलं तर माझं हो."

वर्षाने संध्याकाळी कणकेच्या हातांनीच ओट्याशी उभं राहून बघितलं. संपल्यावर म्हणाली, "केस बघ माझे, झाडू नुसता." मग म्हणाली, "हे नको पाठवू, जुई. आईंचं नाव खराब होईल. त्या मला काही बोलत नाहीत."

तिने माझी बाजू घ्यावी याचा मला राग आला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी म्हटलं, "माझं नाव कुठे टांगलंय खराब व्हायला? तू तुझं सांग."

"मी काय सांगू, आई?"

"तेच विचारतेय."

ती कणीक मळत राहिली. चांगली मळते, ते मी तिला कधी सांगितलेलं नाही. गोळा झाकून ठेवला, हात धुतले, चुकीच्या नळाखाली, भाजलं असणार पण बोलली नाही. मग माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "पाठव."

विलास घरी आल्यावर त्याला कळलं. "आई, तू हो म्हणालीस?"

"तूच म्हणालास मला विचारायला."

त्याने सिनेमा बघितला. त्यात त्याचा नुसता कोपर आहे हे त्याच्या लक्षात आलं की नाही, माहीत नाही. म्हणाला, फोकस चांगला आहे. निबंधात काय लिहू असं जुईने मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, त्या बायका सगळं बघून ठेवायच्या आणि कुणाला सोडायच्या नाहीत, स्वतःला पण नाही, असं लिही. तिने इंग्रजीत काय लिहिलं ते मला वाचता येत नाही. तिला घेतलं. ऑगस्टमध्ये ती गेली.

आता दुसरा उन्हाळा. जुई फोनवर सांगते, कॉलेजात त्यांना त्या शंभर वर्षांपूर्वीच्या बायकांवर एकच तास असतो, बाकी सगळे पुरुषांचे. मी म्हणते, शिकवणारा कोण आहे? ती म्हणते, पुरुष. मग दोघी हसतो.

लोकांना वाटतं, सिनेमात बघितलं की माणूस सुधारतो. त्या मोठ्या घरच्या टोपीवाल्या बाईला कुणी तो सिनेमा दाखवला असेल का, आणि दाखवल्यावर ती कुठल्या बशीकडे बघायची थांबली असेल का, मला शंका आहे. डोळ्यांना साठ वर्षांची सवय. मी अजून बघते. तेल किती घातलं ते मला न बघता कळतं आणि तरी मी बघते.

गेल्या शुक्रवारी आम्ही दोघीच घरात होतो. वर्षाने मला टेबलावर वाढलं आणि स्वतःचं ताट घेऊन ओट्याशी उभी राहिली. मी म्हटलं, "वर्षा, बसून जेव." ती म्हणाली, "हो आई," आणि उभीच राहिली. मी परत म्हटलं, जरा ओरडूनच. ती म्हणाली, "जेवते ना, तुम्ही जेवा." ताट हातात, डोळे माझ्यावर.

मग मी खुर्ची फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून जेवायला लागले. बराच वेळ काही झालं नाही. एसी घरघरत होता. मग मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, ताट टेबलावर टेकलं, आणि मी मान वळवली नाही. भात संपला, माझा हात सुकला, तरी वळवली नाही. भिंतीचा रंग पोपडे धरून निघालाय, घरमालकाला चारदा सांगून झालं. सबंध जेवण मी तेच बघत बसले होते.